शुक्रवारचं न्हाणं

१

नवऱ्याच्या डोक्यावरचे केस जायला लागले तेव्हा मला मनातल्या मनात बरं वाटलं होतं. असं कुणी बोलून दाखवत नाही, पण खरं ते खरं. सुधींद्रच्या टाळूवर दोन भोवरे होते. आमच्या लग्नात, मिरजेला, मुंडावळ्या बांधताना माझ्या मावशीनं ते पाहिले आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "दोन भोवरे! विद्यू, सांभाळ गं बाई, हा दुसरी करणार." सगळे हसले. सासूबाई तंजावरच्या मराठी घरातल्या, त्यांचं बोलणं तेव्हा मला निम्मंच कळायचं, पण त्याही हसून म्हणाल्या, "आमच्याकडे पण तसंच म्हणतांत. रेट्टै सुळी, दोन भोवरे. दोन बायका." म्हणजे दोन्ही मुलखांनी मिळून ठरवून टाकलं होतं. मीही हसले, पण ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही.

मी जात्याच संशयी आहे. सुधींद्र बँकेत अधिकारी, दिसायला बरा, आणि कुणाशीही गोड बोलणारा. त्याच्या शाखेतली कुणी बाई बदलून गेली की मी देवापुढे साखर ठेवायची. मग पस्तिशीनंतर त्याचे केस कपाळावरून मागे सरकले, पुढे टाळूवरूनही विरळ झाले, आणि ते दोन भोवरे कुठे होते हेसुद्धा सांगता येईना. भोवरेच नाहीत तर दुसरी कुठून येणार, असा माझा हिशेब. मी शाळेत विज्ञान शिकवते, तरी हिशेब हाच.

आमचं घर इकडे सासरच्या मुलखात, वेस्ट मांबलमला, पहिल्या मजल्यावर. मी सकाळी सातच्या आत शाळेला निघते. सुधींद्र त्यानंतर निवांत आंघोळ करून बँकेत जातो. सासूबाई, म्हणजे कृष्णवेणीबाई, पुढच्या खोलीत खुर्चीत बसून असतात. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन बिघडलेलं, दुसऱ्या डोळ्यानं उजेड-सावली कळते. कान मात्र जागच्या जागी आहेत.

एका संध्याकाळी सुधींद्र टी. नगरहून कागदी पिशवी घेऊन आला. मला वाटलं, साडी. पिशवीत गोळ्यांची पाकिटं होती, आणि एक लावायच्या औषधाची बाटली.

"केसांच्या डॉक्टरकडे गेलोंतों," तो लाजत म्हणाला. "रोज एक गोळी. आणि विद्यू, तू या गोळ्यांना हात लावू नकोस. फुटलेली गोळी बायकांनी हाताळायची नसते, असं तिनं सांगितलंय."

"तिनं?"

"डॉक्टरनं. डॉक्टर संयुक्ता."

चव्वेचाळिसाव्या वर्षी माणसाला एकाएकी केस कशाला हवे असतात? त्या रात्री जेवताना मी त्याला दुसऱ्यांदा आमटी वाढली नाही.

२

पहिले काही आठवडे केस आणखीच गळले. उशीवर, वॉशबेसिनमध्ये, शर्टाच्या कॉलरवर. डॉक्टरनं आधीच सांगितलं होतं म्हणे, की सुरुवातीला असं होतं, घाबरायचं नाही. मी कुठे घाबरत होते! मी उशीवरचे केस झटकताना गुणगुणत होते.

मग ते यायला लागले. आधी लव, मग बारीक काळे केस, मग चांगले जाड. कपाळ पुन्हा लहान झालं. लोक विचारायला लागले. आमच्या मजल्यावरच्या कॉलेजात जाणाऱ्या पोरीनं त्याला लिफ्टमध्ये "अंकल, सुपर" म्हटलं, आणि तो दिवसभर ते सांगत हिंडला. तो आरशापुढे उभा राहून मान वळवून वळवून बघायचा. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझ्याकडे त्यानं कधी असं बघितलं असेल असं मला आठवत नाही.

आणि रात्री तो माझ्याकडे पाठ करून झोपायला लागला. मी त्या औषधाबद्दल मोबाइलवर सगळं वाचून काढलं. काही पुरुषांची इच्छा कमी होते, असं तिथे लिहिलेलं होतं. म्हणजे शास्त्रानं उत्तर दिलेलं होतं. पण जो माणूस सकाळी शीळ वाजवत चहा पितो, स्वतःशीच हसतो, आणि ऑफिसला घालायच्या सदऱ्याला रात्रीच दोनदा इस्त्री करून ठेवतो, त्याची इच्छा कमी झालीय यावर माझा विश्वास बसेना. ती कमी झाली नव्हती, दुसरीकडे गेली होती.

एका रविवारी तो खाली बसून पेपर वाचत होता आणि मी मागून चहा घेऊन आले. टाळूवर भर दुपारचा उजेड पडला होता. दोन्ही भोवरे परत आले होते. एक उजवीकडे वळणारा, एक डावीकडे.

३

या घरात न्हाण्याचे वार ठरलेले आहेत. डोक्याला तिळाचं तेल लावून, शिकेकाईनं धुऊन न्हायचं ते पुरुषांनी शनिवारी, बायकांनी शुक्रवारी. डोळ्याच्या ऑपरेशननंतर सासूबाईंचं स्वतःचं तेल लावून न्हाणं बंद झालंय, तरी त्या यात कुणाला सूट देत नाहीत. मी लग्न होऊन आले तेव्हा एकदा चुकून बुधवारी डोक्यावरून पाणी घेतलं, तर त्या दिवसभर माझ्याशी बोलल्या नव्हत्या. मी पुढे केस खांद्यापर्यंत कापूनच टाकले आणि शॅम्पू आणला. तिळाच्या तेलाचा वास मला आवडत नाही. डोकं भजी तळल्यासारखं वास मारतं. वर्षातून एकदा, पाडव्याला, मी सुधींद्रला तेल लावून न्हाऊ घालते. आमच्या मिरजेकडची रीत म्हणून. तेवढं पुरे.

त्या शुक्रवारी मी शाळेतून आले आणि न्हाणीघरात हातपाय धुवायला गेले, तर तिळाच्या तेलाचा वास. गरम केलेल्या तेलाचा, त्यात दोन मिरे आणि थोडं आलं टाकतात तसा. सुधींद्रचा टॉवेल तारेवर वाळत होता. तो मी नाकाशी नेला. त्याचाच वास.

शुक्रवार बायकांचा. सुधींद्र आईच्या धाकातला, तो शुक्रवारी तेल लावणार नाही. मी स्वतःला समजावलं, औषधाची बाटली संपली असेल, डॉक्टरनंच तेल सांगितलं असेल, म्हातारीनं केसांसाठी वार माफ केला असेल. मी स्वयंपाकघरात गेले. शिकेकाईचा डबा मी महिन्यापूर्वी भरून ठेवला होता. मला तो लागतच नाही, सुधींद्रला शनिवारी चिमूटभर. डबा तळाला गेला होता.

पुढच्या शुक्रवारी पुन्हा तोच वास. आणि न्हाणीच्या जाळीत एक केस अडकला होता. मी तो ओढला तर तो येतच राहिला. काळाभोर, ओला, आणि माझ्या हातापेक्षा लांब. मी तो बोटाभोवती गुंडाळला आणि कागदात बांधून पर्समध्ये ठेवला. वर्गात प्रकाशसंश्लेषण शिकवताना माझा हात दहादा पर्सकडे जात होता.

४

विचारायचं कुणाला? कामाला येणारी सेल्वी अकरा वाजता येते, तेव्हा सुधींद्र बँकेत असतो. राहिल्या सासूबाई. त्यांना सरळ विचारलं तर त्या मुलाची बाजू घेणार, म्हणून मी आडून सुरुवात केली. त्यांच्या पायाला औषध चोळत म्हटलं, "आई, हल्ली सुधींद्र शुक्रवारी न्हातो वाटतं?"

"न्हाऊ दे की," त्या म्हणाल्या. "तू न्हातीस, त्याला पण न्हाऊ घालतीस. नवरा-बायको सेरून, जोडीनं न्हाले तर वार कोण बघतें? मी काय बोलूं?"

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"मी?"

"मग कोण, मी?" त्या हसल्या. त्यांनी चाचपडत माझा हात धरला आणि त्यावर थोपटलं. इतक्या वर्षांत त्यांनी असं केलं नव्हतं. "खरं सांगूं विद्युलता, मला बरं वाटतें. आधी तू त्याला अरे-तुरे करायचीस, ते माझ्या कानाला खुपायचं. सांगून काय उपयोग, तुमच्या मिरजेची पद्धत. आता किती हळू बोलतीस. अहो, मान खाली करा. अहो, डोळे मिटा, झोंबेल. अय्यो, ऐकत बसावंसं वाटतें."

मी सुधींद्रला आजवर कधी अहो म्हटलेलं नाही. लग्नातसुद्धा नाही.

"आई, शुक्रवारी सकाळी मी शाळेत असते," मी म्हणाले.

"होय, नंतर जातीस ना," त्या शांतपणे म्हणाल्या. "तुझा आवाज मला कळत नाही काय?"

म्हातारं माणूस. वेळ, वार, सगळं गोंधळतं. मी हेच स्वतःला सांगत राहिले. पण भीतीपेक्षा मला राग जास्त आला होता. कुणीतरी माझ्या घरात येऊन, माझ्या सासूसमोरून चालत जाऊन, माझ्या नवऱ्याचे लाड करत होतं, आणि वर माझा आवाज काढत होतं. केवढी ती हिंमत!

५

मी डॉक्टर संयुक्ताकडे गेले. हो, संशय तिच्यावरच होता. सगळं तिच्यापासून सुरू झालं होतं. शाळा सुटल्यावर रिक्षा केली. टी. नगरमध्ये साड्यांच्या दुकानांपुढच्या गर्दीतून वाट काढत, एका जिन्यावरून वर गेले, आणि दार ढकलण्याआधी पर्समधला तो कागद चाचपला. काय बोलायचं ते पाठ केलं होतं.

आत खुर्चीत साठीची एक बाई बसली होती. पांढरे केस, पुरुषासारखे आखूड कापलेले. डोळ्यांखाली काळं. टेबलावर अर्धी इडली तशीच राहिली होती. मी पर्सची चेन ओढून घेतली.

मी नवऱ्याचं नाव सांगितलं आणि त्याचं औषध संपत आलंय असं खोटंच बोलले. ती इंग्रजीत म्हणाली, "ते एकदाच आले होते. तीन महिन्यांनी दाखवायला सांगितलं होतं, आलेच नाहीत. आम्ही फोन केला तर म्हणाले, गोळ्या बंद केल्या, आता गरज नाही, बायको घरी तेल लावते, त्यानंच केस येताहेत." ती थोडं हसली. "मॅडम, तुम्ही मनापासून लावत असाल, पण तेलानं असे केस परत येत नाहीत. त्यांना घेऊन या. मला ते केस बघायचे आहेत."

घरी आल्यावर मी कपाटातला त्याचा खण उघडला. गोळ्यांना हात लावायचा नाही हे मी इतके दिवस पाळलं होतं. पहिल्या पाकिटातल्या निम्म्या गोळ्या गेल्या होत्या. बाकीची पाकिटं जशीच्या तशी होती. बाटलीचं झाकण इतके दिवस न उघडल्यानं चिकटून बसलं होतं.

बाहेर सुधींद्र टीव्ही बघत होता. त्याच्या डोक्यावर दाट, काळे, नीट विंचरलेले केस होते. भांग उजवीकडे. तो आयुष्यभर डावीकडे भांग पाडत आलाय.

६

शेवटी मी त्याला विचारलं. सासूबाई झोपल्यावर, गॅलरीत. खालून भाजीवाल्याची गाडी जात होती.

"सुधींद्र, शुक्रवारी तुला तेल कोण लावतं?"

तो माझ्याकडे बघून हसला. मला वाटलं, आता खोटं बोलेल. मी तयारीत होते.

"पुन्हा ऐकायचंय काय?" तो म्हणाला. "तू. तू लावतीस. आणि इतकं छान लावतीस, विद्यू, की मला माहीतच नव्हतं तुला येतं म्हणून. पाडव्याला कशी, दोन चापट्या मारून मोकळी होतेस!"

"तू मला बघितलंस?"

"डोळ्यांत तेल, वर शिकेकाई. डोळे कोण उघडतं? तूच म्हणतीस ना, मिटा म्हणून." त्यानं माझा हात हातात घेतला, बोटं बघितली, आणि मग कसनुसं होऊन सोडून दिला. "बाहेर मात्र तू अजून तशीच. नेहमी चिडलेली. मला वाटतं, लाजतीस. म्हणून मी काही बोलत नाही. मी फक्त शुक्रवारची वाट बघतों."

तो खरं बोलत होता. नवरा खोटं बोलतो तेव्हा मला कळतं, आणि हा खरं बोलत होता. मी कागद काढून तो केस त्याच्यापुढे धरला नाही. धरला असता तर त्यानं तोही माझाच म्हटला असता.

मी रात्रभर विचार करत पडले. भास, वेड, म्हातारपण, औषधाचा परिणाम, सगळं तपासून झालं. औषध तर तो घेतच नव्हता. एकच गोष्ट माझ्या मनातून जाईना. माणूस वाट बघतो. माझी बघत नाही, तिची बघतो, आणि तिला माझं नाव देतो. दुसऱ्या बाईशी भांडता येतं. तिच्या दारात जाऊन तमाशा करता येतो. इथे मी कुणाच्या दारात जाणार होते?

मग मी ठरवलं. शुक्रवार माझा आहे. मी तो परत घेणार.

७

शुक्रवारी मी रोजच्यासारखी साडी नेसले, पर्स घेतली, सासूबाईंना "येते" म्हणाले. दार ओढून घेतलं आणि जिन्यात एका पायरीवर बसले. पेपरवाला बिल मागायला आला, त्याला हातानं गप्प केलं. वरून कुणाच्या तरी घरातून सांबाराचा वास येत होता. आपण किती मूर्ख दिसत असू, असं मला वाटलं. वाट बघणाऱ्या बायकोसारखं मूर्ख कुणी दिसत नाही.

थोड्या वेळानं मी किल्लीनं दार उघडलं. चपला हातात घेतल्या. सासूबाई खुर्चीत बसल्या होत्या, मान थोडी तिरकी, कान मागच्या बाजूला. चेहऱ्यावर गोड, समाधानी हसू. घरभर गरम तेलाचा वास होता. आणि आत, मागे, पाणी तापल्याचा आवाज, वाटी फरशीवर ठेवल्याचा आवाज, आणि कुणीतरी हळू बोलत असल्यासारखं काहीतरी. मी स्वयंपाकघराच्या दाराशी पोहोचले तेव्हा ते थांबलं.

न्हाणीघराचं दार उघडं होतं. सुधींद्र पाटावर बसला होता, पंचा नेसून, दाराकडे पाठ करून. डोळे घट्ट मिटलेले. केसांत निम्म्या भागात तेल चोपडलेलं, निम्मा भाग कोरडा. शेजारी तेलाची वाटी, तिच्यातून अजून वाफ येत होती. फरशीवर ओल्या पावलांचे ठसे पाटाच्या मागून निघून माझ्या पायांशेजारून स्वयंपाकघरात गेले होते. लहान, बायकी पावलं. तिथे वळून बघायला हवं होतं, हे मला आत्ता कळतं. मी बघितलं नाही. मला त्याचं डोकं तेवढं दिसत होतं, आणि त्यावरचे ते दोन भोवरे.

मी चपला खाली ठेवल्या. बोटं वाटीत बुडवली. तेल हाताला भाजत होतं, तरी मी ते ओंजळीत घेतलं आणि त्याच्या टाळूवर ठेवलं. जमेल तितक्या हळू चोळायला लागले. मनात म्हणत होते, मला येतं, मलाही येतं.

सुधींद्र ताठ झाला. त्यानं श्वास रोखून धरला.

"कोण?" तो म्हणाला.

"मी रे. विद्यू."

"नाही." त्याचा आवाज बदलला होता. तो पाटावरच पुढे सरकला, माझ्या हातांखालून डोकं काढून घेतलं, आणि भिंत चाचपायला लागला. "ही ती नव्हे. कोण आहे? कोण आत आलंय?"

"सुधींद्र, डोळे उघड. बघ माझ्याकडे. मी आहे, तुझी बायको."

तो डोळे उघडेना. लहान मूल भुताला घाबरून मिटतं तसे त्यानं ते आणखीच घट्ट मिटले, आणि माझा हात लागू नये म्हणून कोपऱ्यात अंग चोरून घेतलं.

"विद्यू!" तो ओरडला. माझ्या तोंडापुढे, मला ओलांडून, घराच्या आतल्या बाजूला. "विद्यू, लवकर ये! इथे कुणीतरी बाई आहे!"

पुढच्या खोलीतून सासूबाई घाबऱ्या आवाजात म्हणाल्या, "काय जालं? कोण आली?"

मी तोंड उघडलं. माझ्या तोंडून शब्द निघायच्या आत, माझ्या पाठीमागे स्वयंपाकघरातून भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. ओल्या पावलांचा आवाज. दाराच्या कडेशी माझ्याच पिवळ्या साडीचा पदर दिसला, जी साडी मी सकाळी कपाटात ठेवून आले होते, आणि त्यावरून खाली फरशीपर्यंत पोहोचलेले ओले, काळे केस. आणि मग माझ्या आवाजात, पण मी कधी बोलले नाही इतक्या मायेनं, कुणीतरी म्हणालं,

"आले हं, अहो. घाबरू नका."

सुधींद्रचे ताठ झालेले खांदे माझ्या डोळ्यांदेखत सैल पडले.